ती गावात का थांबेल? ऑस्ट्रेलियातल्या गावाकडच्या प्रेमकथांचा इतिहास

बसमध्ये असाल, मेट्रोत असाल किंवा घरी भांडी घासता घासता ऐकत असाल, आज आपण जाणार आहोत ऑस्ट्रेलियाला. पण सिडनी-मेलबर्नला नाही. जिथे शेजारच्या घरी जायचं तर गाडीने तासभर लागतो, त्या भागात. आणि विषय आहे प्रेमकथा. हो, इतिहासाच्या पॉडकास्टवर प्रेमकथा. थांबा, लगेच स्किप करू नका.

आधी एक घरगुती गोष्ट सांगते, कारण हा एपिसोड तिथूनच सुरू झाला.

मी सोलापूर जिल्ह्यातली, द्राक्षांच्या पट्ट्यातली. बी.टेक. केलं आणि आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. तीन वर्षांपूर्वी घरच्यांनी एक स्थळ आणलं. मुलगा ॲग्री झालेला, सहा एकर द्राक्षबाग, निर्व्यसनी, बोलायला साधा. कांदेपोहे झाले आणि आम्हा दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. त्याने एकच प्रश्न विचारला, "तुम्ही इथं आलात, तर दिवसभर काय करणार?" मी म्हटलं, "वर्क फ्रॉम होम मिळालं तर बघू." तो म्हणाला, "आमच्याकडं दुपारची लाईट नसते." दोघंही हसलो. दोन दिवसांनी मी नकार कळवला.

घरी कारण सांगितलं, "विचार जुळत नाहीत." ते खोटं होतं. विचार चांगले जुळत होते. माझा नकार मुलाला नव्हता, त्या गावाला होता. पण हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. ते कळलं ऑफिसच्या कपाटात कुणीतरी ठेवून गेलेल्या एका जुन्या इंग्रजी कादंबरीमुळे. नाव 'अ टाउन लाइक ॲलिस', साल १९५०, लेखक नेव्हिल शूट. गच्चीवर मला विचारलेला प्रश्न त्या पुस्तकाच्या बरोबर मध्यभागी होता.

प्रेमकथा लिहिणारा इंजिनियर

शूटबद्दल मला आधी काय आवडलं सांगू? तो आपल्यातला होता. विमानाचा इंजिनियर. पूर्ण नाव नेव्हिल शूट नॉर्वे. 'आर १००' नावाच्या अवाढव्य ब्रिटिश हवाई जहाजाच्या कामावर तो डेप्युटी चीफ इंजिनियर होता. पुढे १९३१ मध्ये त्याने 'एअरस्पीड' नावाची विमान बनवणारी कंपनी काढली. कादंबऱ्या लिहायचा त्या रात्री, नोकरी सांभाळून. आणि पुस्तकावर आडनाव लावायचा नाही, कारण कादंबऱ्या लिहिणाऱ्या इंजिनियरला लोक सीरियसली घेणार नाहीत अशी त्याला धास्ती होती. ऑफिसमध्ये मी पॉडकास्ट करते हे कुणाला सांगत नाही, ते याच कारणाने. असो.

१९४८ मध्ये शूट आणि त्याचा लेखक मित्र जेम्स रिडेल एका छोट्या विमानातून इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला निघाले. विमान शूटचं स्वतःचं, चालवणाराही तोच. क्वीन्सलंडच्या उत्तर भागात त्याला जिमी एडवर्ड्स नावाचा माणूस भेटला. हा 'रिंगर', म्हणजे मोठ्या गुरांच्या फार्मवर घोड्यावरून काम करणारा गडी. दुसऱ्या महायुद्धात तो जपान्यांच्या कैदेत होता. उपाशी कैद्यांसाठी गुरं मारली म्हणून त्याला क्रूसावर टांगल्यासारखं टांगून ठेवलं होतं, आणि तरी तो जगला. परतीच्या वाटेवर सुमात्रामध्ये शूटला एक डच बाई भेटली. युद्धात तिला इतर बायका-मुलांबरोबर कैदी म्हणून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी असं फिरवलं होतं.

ही दोन माणसं एकमेकांना आयुष्यात कधी भेटलेली नव्हती. शूटने ती कादंबरीत भेटवली.

कथा थोडक्यात अशी. जीन पॅजेट ही इंग्लिश मुलगी मलायात कैदी आहे. तिच्याबरोबरच्या उपाशी बायकांसाठी जो हार्मन नावाचा ऑस्ट्रेलियन कैदी कोंबड्या चोरतो आणि पकडला जातो. तिला वाटतं तो मेला. त्याला वाटतं तिचं लग्न झालेलं आहे, कारण तिच्या कडेवर मूल असतं. ते मूल खरं तर वाटेत मेलेल्या दुसऱ्या बाईचं. युद्ध संपल्यावर जीनला एका नातेवाइकाचे पैसे वारसाने मिळतात. ती मलायात परत जाते आणि ज्या गावाने त्यांना आसरा दिला, तिथल्या बायकांसाठी विहीर खोदून देते. विहीर खोदणाऱ्यांकडूनच तिला कळतं की जो जिवंत आहे. ती त्याला शोधत ऑस्ट्रेलियात पोचते, आणि तो तिला शोधायला लंडनला गेलेला असतो!

आपला सिनेमा इथेच संपला असता. दोघं भेटली, गाणं झालं, शेवट. शूटचं पुस्तक खरं तर इथून सुरू होतं.

आईस्क्रीमचं दुकान

जो ज्या गावाजवळ राहतो ते विल्सटाउन. गाव काल्पनिक आहे, पण त्या भागातली बर्कटाउन, नॉर्मनटन ही गावं खरी आहेत. एकेकाळी तिथे सोन्याची धावपळ होती. नॉर्मनटनहून क्रॉयडनच्या सोन्याच्या खाणींपर्यंत सुमारे १५० किलोमीटर रेल्वे टाकली होती. १८९१ मध्ये ती पूर्ण झाली आणि देशातल्या बाकी रेल्वेला कधीच जोडली गेली नाही. सोनं संपलं, माणसं गेली, रूळ तेवढे राहिले. आजही त्यावरून पर्यटकांची गाडी चालते.

जीन विल्सटाउनला येते आणि बघते, गावात तरुण मुलीच नाहीत. शाळा संपली की त्या शहराची वाट धरतात, कारण इथे त्यांना कामच नाही. मुली नाहीत म्हणून तरुण मुलं टिकत नाहीत. मुलं टिकत नाहीत म्हणून फार्मला माणसं मिळत नाहीत. जो तिला आवडतो, त्यात प्रश्नच नाही. पण या गावात राहायचं कसं? जो हवा असेल, तर आधी गाव राहण्यासारखं करावं लागेल.

मग ती चक्क कामाला लागते. लंडनमध्ये ती चामड्याच्या वस्तूंच्या कंपनीत टायपिस्ट होती, तेवढ्या ओळखीवर ती मगरीच्या कातड्याच्या चपला-बुटांचं छोटं वर्कशॉप काढते आणि गावातल्या मुलींना पगारावर ठेवते. आता पगार आला, पण खर्च करायचा कुठे? म्हणून आईस्क्रीमचं दुकान. शनिवारी संध्याकाळी मुली तिथे बसायला लागल्या, मग मुलंही यायला लागली. पुढे पोहण्याचा तलाव, ब्यूटी पार्लर, सिनेमा. एकातून दुसरं.

मी हे वाचताना कागदावर बाण काढत बसले होते. कुठली गोष्ट कशावर अवलंबून आहे, आधी काय चालू करायचं, मग काय. प्रेमकथेचा अर्धा भाग म्हणजे गावाचा जमाखर्च! आणि तरी कंटाळा येत नाही, कारण प्रत्येक हिशेबामागे एकच काळजी आहे, ही मुलगी इथे राहील का?

सगळ्यात आधी 'नाही' म्हणणारी

शूटच्या कितीतरी आधी हा प्रश्न एका मुलीने विचारला होता. तिचं नाव स्टेला मारिया सारा माइल्स फ्रँकलिन. जन्म १८७९, न्यू साउथ वेल्सच्या डोंगराळ भागात. वडिलांची परिस्थिती घसरत गेली आणि कुटुंब लहानशा, रुक्ष जागी येऊन पडलं. तिथे गाई-वासरांच्या कामात या पोरीने विशीच्या आतच एक कादंबरी लिहिली, 'माय ब्रिलियंट करिअर'. प्रसिद्ध लेखक हेन्री लॉसन याने ती छापून यावी म्हणून खटपट केली आणि १९०१ मध्ये एडिनबर्गच्या प्रकाशकाने ती छापली. तिची इच्छा होती की लेखक पुरुष वाटावा, म्हणून 'माइल्स' हे नाव. पण लॉसनने प्रस्तावनेतच सांगून टाकलं की लेखक मुलगी आहे.

तिची नायिका सिबिला. तिच्यासमोर हॅरी बीचम येतो, श्रीमंत, देखणा, मनाने चांगला. ती त्याला नाही म्हणते. हॅरीत खोट काढून नाही. तिला लिहायचंय, आणि त्या काळच्या त्या भागात शेतकऱ्याची बायको होऊन लिहायला जागा नव्हती. आजच्या गोष्टींमधली सगळ्यात जुनी प्रेमकथा अशी नकाराची आहे!

पुस्तक गाजलं, पण आसपासच्या लोकांनी त्यात स्वतःला आणि तिच्या घरच्यांना शोधलं. नातेवाईक रागावले. हे तिला इतकं लागलं की पुढे तिने पुस्तक परत छापूच दिलं नाही. १९०६ मध्ये ती अमेरिकेला गेली आणि शिकागोत कामगार बायकांच्या संघटनेत काम करू लागली. १९५४ मध्ये ती वारली, आणि पुस्तक पुन्हा छापलं गेलं ते १९६६ मध्ये. आज ऑस्ट्रेलियातलं सगळ्यात मानाचं कादंबरीचं बक्षीस तिच्याच पैशातून, तिच्याच नावाने दिलं जातं.

गावाबद्दल खरं लिहिलं तर गावातले लोक काय म्हणतील? ही भीती तुम्हालाही ओळखीची असेल. मी आत्ता गच्चीवरचा किस्सा सांगितला, तेव्हा मलाही आईचा चेहरा दिसत होता.

जी आधीपासून तिथेच होती

आता शूटची एक गोष्ट मुद्दाम राखून ठेवली होती, ती सांगते. जीनच्या त्या आईस्क्रीमच्या दुकानात अ‍ॅबोरिजिनल लोकांसाठी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांसाठी, बसायची जागा वेगळी आहे. पुस्तकात कुणाला त्याचं फार काही वाटत नाही. पहिल्या वाचनात मीही पुढे गेले. दुसऱ्या वेळी थांबले. वेगळी पंगत, वेगळं भांडं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

ज्या गुरांच्या फार्मवर या प्रेमकथा घडतात, त्याला तिथे 'स्टेशन' म्हणतात. ती स्टेशनं उभी राहिली मूळ रहिवाशांच्या जमिनीवर आणि बऱ्याच अंशी त्यांच्याच कष्टावर. क्वीन्सलंडमध्ये कित्येक दशकं त्यांची मजुरी सरकारच ताब्यात ठेवायचं आणि पुष्कळांच्या हातात ती कधी आलीच नाही. त्या पैशांसाठी कोर्टात केस झाली, आणि २०१९ मध्ये सरकारने १९ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देऊन तडजोड केली. म्हणजे जो हार्मनसारख्यांच्या रोमँटिक फार्मचं बिल अगदी आत्ता, अर्धंमुर्धं फिटलं.

हे १९२९ मध्ये एका लेखिकेने लिहायचं धाडस केलं होतं. कॅथरीन सुझॅना प्रिचर्ड पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका दूरच्या स्टेशनवर जाऊन राहिली आणि तिने 'कूनार्डू' लिहिली. स्टेशनचा गोरा मालक ह्यू आणि त्याच्याबरोबर लहानाची मोठी झालेली अ‍ॅबोरिजिनल मुलगी कूनार्डू. दोघांचं प्रेम आहे, मूल आहे, पण ह्यू ते नातं उघडपणे मान्य करू शकत नाही, आणि शेवटी त्याच्याच रागात तिचा जीव उद्ध्वस्त होतो. 'बुलेटिन' मासिकाच्या स्पर्धेत कादंबरीला पहिलं बक्षीस विभागून मिळालं होतं, पण क्रमशः छापायला लागल्यावर वाचक खवळले. गोऱ्या माणसाचं काळ्या बाईवर प्रेम असू शकतं, हेच अनेकांना सहन झालं नाही.

प्रिचर्ड स्वतः गोरीच होती. त्या समाजातल्या बाईने स्वतः सांगितलेली प्रेमकथा हवी असेल, तर २०२१ मध्ये या. विराजुरी समाजाच्या अनिता हाइस यांनी 'बिला यारुधांगलांगधुराय' ही कादंबरी लिहिली. नावाचा अर्थ 'स्वप्नांची नदी'. नाव विराजुरी भाषेतलं आहे आणि मुखपृष्ठावर त्याचं भाषांतर दिलेलं नाही. गोष्ट सुरू होते गुंडगाई या खऱ्या गावात, १८५२ च्या खऱ्या महापुरात. पुराच्या पट्ट्यात घरं बांधू नका असं मूळ रहिवाशांनी गोऱ्यांना सांगितलं होतं. ऐकलं नाही. ८० हून जास्त माणसं बुडाली. आणि यारी आणि जॅकी जॅकी यांच्यासारख्या विराजुरी माणसांनी झाडाच्या सालीच्या होड्यांतून साठहून अधिक लोकांना वाचवलं.

हाइस यांची नायिका वागाधानी हिला प्रेम मिळतं. पण तिला ज्या गोऱ्या घरात काम करावं लागतं, ते घर दुसऱ्या गावी जातं आणि तिलाही ओढून नेतं. तिचं सगळं मन आपल्या नदीकडे, आपल्या माणसांकडे परत जाण्यात अडकलेलं. बघा, प्रश्न उलटला ना? जीन विचारते, मी इथे का थांबू? वागाधानी विचारते, मला माझ्याच गावातून का काढलं?

सातबारा कुणाच्या नावावर?

आता २००२. टास्मानियाच्या रेचल ट्रेझर यांची 'जिलारू' ही कादंबरी आली. जिलारू म्हणजे स्टेशनवर काम शिकणारी मुलगी. नायिका रेबेका हिला शेती करायची आहे, डोकंही आहे, हातही आहेत. पण बापाला शेतीत मुलगी नकोय, मुलगे हवेत. तो तिला घराबाहेर काढतो. या कादंबरीत प्रेम आहे, कुत्री आहेत, पार्ट्या आहेत, पण आतला धागा एकच, जमीन कुणाला मिळणार? आपल्या भाषेत, सातबारावर नाव कुणाचं?

हे पुस्तक तुफान चाललं आणि मग लाट आली. २००९ मध्ये फ्लर मॅकडॉनल्ड यांची 'रेड डस्ट', त्याच वर्षी फियोना पामर यांची 'द फॅमिली फार्म'. या प्रकाराला तिकडे गमतीने 'चुक लिट' म्हणतात. आपली चूक नव्हे हो, ऑस्ट्रेलियन बोलीत 'चुक' म्हणजे कोंबडी! नाव हिणवणारं आहे, पण लिहिणाऱ्या बायका पुष्कळशा त्याच मातीतल्या. पामर पर्थपासून सुमारे ३५० किलोमीटरवरच्या पिंगारिंग नावाच्या छोट्याशा वस्तीत राहून, शेतावर काम करत लिहायच्या. त्यांच्या 'द सॅडलर बॉइज'मध्ये शहरातली शिक्षिका लहान गावात येते, एका एकट्या बापाच्या प्रेमात पडते, आणि त्याच वेळी गावची शाळा बंद पडायची वेळ येते. शाळा गेली की गाव गेलं. म्हणून प्रेम वाचवायचं तर शाळा वाचवावी लागते.

२००७ पासून तिकडे टीव्हीवर 'द फार्मर वॉन्ट्स अ वाइफ' नावाचा शोसुद्धा लागतो. शेतकऱ्यासाठी बायको शोधायची, चक्क रिॲलिटी शो. हसू नका. डिसेंबर २०२२ मध्ये आमच्या सोलापुरात तरुण पोरं मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर ऑफिसवर गेली होती, आम्हाला बायको मिळवून द्या म्हणून. सोशल मीडियावर सगळे हसले, मीही मीम फॉरवर्ड केलं. पण मोर्चावाल्यांची एक मागणी गर्भलिंग निदानाचा कायदा नीट राबवा अशी होती. मीममध्ये ती कुणी टाकली नाही.

तर, लिहायचं कसं?

तुमच्यापैकी बरेच जण मोबाईलवर कथा लिहितात, प्रतिलिपीवर टाकतात, मला लिंकही पाठवतात. गावाकडची प्रेमकथा लिहायची असेल, मग ती ऑस्ट्रेलियातली असो नाहीतर कुठलीही, तर हा सव्वाशे वर्षांचा इतिहास मला तीन प्रश्न देऊन गेला. हीरोचे डोळे घारे की काळे, हे ठरवण्याआधी त्यांची उत्तरं लिहून काढा.

एक, तिला तिथे काम काय आहे आणि पगार कोण देतं? हा जीनचा प्रश्न, आणि सिबिलाचाही. दोन, जमिनीच्या कागदावर तिचं नाव येईल का? हा रेबेकाचा. तीन, ही जमीन त्यांच्या आधी कुणाची होती, आणि ती माणसं तुमच्या कथेत कुठे बसली आहेत? हा वागाधानीचा, आणि जीनच्या दुकानातल्या त्या वेगळ्या जागेचा. तिसरा प्रश्न फक्त ऑस्ट्रेलियासाठी आहे असं समजू नका.

आणि गच्चीवरचा तो मुलगा? आई सांगते, त्याचं अजून जमलेलं नाही. मला माझ्या नकाराचा पश्चात्ताप नाही. आज विचारलं तरी मी बहुतेक नाहीच म्हणेन. पण कारण खरं सांगेन. 'विचार जुळत नाहीत' म्हणून त्याच्या माथी काहीतरी मारणार नाही. म्हणेन, तुमच्यात काही कमी नाही, पण तुमच्या गावात माझ्यासाठी अजून काही नाही. आणि त्यालाही विचारेन, लाईट, काम, सातबारा, यातलं काय बदलायचं तुमच्या मनात आहे?

त्याने तो प्रश्न मला मनापासून विचारला होता हे आता कळतं. त्यालाही उत्तर हवं होतं. आम्ही दोघं हसून मोकळे झालो आणि खाली चहा घ्यायला गेलो.

तर मंडळी, या आठवड्याचं काम. तुमच्या गावात एखाद्या पंचविशीतल्या मुलीने राहायचं ठरवलं, तर शनिवारी संध्याकाळी ती कुठे जाईल? देऊळ आणि माहेर सोडून. व्हॉइस नोट पाठवा. चांगली उत्तरं पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवते. भेटू, काळजी घ्या!